विमलाकडचं विरजण

१२ ऑक्टो., रवि.

ॲपवर मागवलेले पातळ पोहे दहा मिनिटांत दारात. मी अजून पिशवी शोधत होते. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना पातळ पोह्यांसाठी आयएनए मार्केटात दोनदा जावं लागे. एकदा ‘कल आएगा’ हे ऐकायला आणि एकदा पोहे आणायला. दोन्ही वेळा विमला बरोबर. विमला रावत, समोरचं दार, एकोणीस वर्षं. जाताना तिला काहीच घ्यायचं नसे आणि येताना माझ्या दोन्ही हातांत तिच्याच पिशव्या असत.

चिवडा चांगला झालाय. चव बघायला कोणी नाही. इथे सतराव्या मजल्यावर आमच्या दारासमोर लिफ्ट आहे. ह्यांना वाटीत दिला तर टीव्हीवरची नजर न काढता ‘छान’ म्हणाले. वि. असती तर एक घास खाऊन म्हणाली असती, दीदी, नमक.

१५ ऑक्टो., बुध.

प्राचीने तीन रंगांच्या बादल्या आणल्या. ओला, सुका आणि तिसरा कसला ते मला अजून पाठ होत नाही. मी काहीही टाकलं की ईरा मागून येऊन तपासते. आठ वर्षांची इन्स्पेक्टर. सून मनापासून करते सगळं, उगाच नावं ठेवायची नाहीत असं ठरवलंय. बाहेरून मागवलेल्या जेवणाचे प्लॅस्टिकचे डबेसुद्धा ती धुऊन, झाकणासकट रचून ठेवते. खालच्या कपाटात चाळीस तरी असतील. त्यांचं पुढे काय करायचं हे तिलाही माहीत नाही, पण टाकवत नाहीत म्हणते. हे मला आवडलं.

२४ ऑक्टो., शुक्र.

वि. आली. आली! द्वारकेहून, शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, मेट्रोने आमचं सेक्टर बावन्न स्टेशन, तिथून ई-रिक्षा, पावणेदोन तास. रावतजींचे गुडघे धरलेत, त्यामुळे एकटीच. दीड वर्षाने भेटलो. त्यांची रिटायरमेंट आधी, म्हणून क्वार्टर त्यांनी आधी सोडलं. माझी नोकरी संपेपर्यंत मी तिथेच, समोर कुणी नवीन लोक. त्यांच्याशी काही जमलं नाही.

केस पांढरे ठेवायला लागली आहे. बरी दिसते.

माझा मोठा डबा घेऊन आली. ‘सौ. मंगला’ नाव घातलेला, लग्नातला. सामान बांधायच्या गडबडीत तिच्याकडे राहिला होता तो. अरसे भरून आणले होते. त्यांच्या गढवालचे, तांदळाच्या पिठाचे नि गुळाचे. ह्यांनी उभ्या उभ्या तीन खाल्ले.

दोन तास नुसत्या बोलत होतो. निघताना तिला फराळ दिला, चिवडा, चकली, शंकरपाळे. प्राचीच्या साठ्यातल्या प्लॅस्टिकच्या डब्यात. म्हटलं, एवढ्या लांब मेट्रोत स्टीलचं ओझं कशाला, आणि परत द्यायला पुन्हा यायची तिला काळजी. वि.ने डबा हातात घेऊन विचारलं, “यह वापस नहीं करना?”

म्हटलं, “अरे नहीं, फेंक देना.”

पाचचा चहा घेऊन जाणार होती, चारलाच निघाली. गर्दी टाळायची असेल. फार छान दिवस गेला.

२ नोव्हें., रवि.

वि.चा फोन नाही. त्या दिवशी ‘पहुँच गए’ एवढाच मेसेज. फराळाचं काहीच नाही. चकलीत काही कमी-जास्त असतं तर तिने स्टेशनवरूनच फोन केला असता. रावतजींचे गुडघे, दुसरं काय.

९ नोव्हें., रवि.

हवा घाण. खिडक्या बंद. ईराने विचारलं, आजी, दही कोण बनवतं? म्हटलं, दूधच बनवतं, आपण नुसतं विरजण लावायचं. विरजण म्हणजे? म्हटलं, जामन. तेही माहीत नाही. पाकिटावर बोट ठेवून म्हणाली, पण यात तर ऑलरेडी दही आहे.

सांगत बसले मग. क्वार्टरमध्ये सामान आलं त्या संध्याकाळी दूध होतं आणि दही नव्हतं. मुंबईहून नुकती बदली, हिंदी यथातथा. समोरचं दार वाजवून वाटी पुढे केली आणि ‘विरजण’ म्हटलं. वि. हसली, आत गेली, आणि तिच्याच वाटीत घट्ट दही घेऊन आली. दुसऱ्या दिवशी ती वाटी शिरा घालून परत दिली. तिने त्या शिऱ्याच्या वाटीतून भट्टाची, म्हणजे त्यांच्याकडच्या काळ्या सोयाबीनची, दाल पाठवली. तिथून जे सुरू झालं ते झालं. कोणतं भांडं कुणाचं हे नाव वाचूनच कळायचं, आणि रिकामं भांडं ह्या दारातून त्या दारात कधी गेलं नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर. एकदा साखरही नव्हती तर तिने कढीपत्त्याची काडी ठेवली होती.

ते विरजण एकोणीस वर्षं चाललं. माझं बिघडलं तर तिच्याकडून, तिचं बिघडलं तर माझ्याकडून. इथेही आणलं होतं मी, डब्यात घालून मांडीवर धरून, टेम्पोत पुढे बसून. मे महिन्यात आम्ही पुण्याला तीन आठवडे राहिलो आणि आल्यावर फ्रिज लखलखीत. प्राचीने जुनं म्हणून टाकून दिलं. तिची चूक नाही, मीच सांगून गेले नव्हते. बाथरूममध्ये जाऊन रडले होते मात्र. दह्यासाठी. आता लिहितानाही लाज वाटते.

ईरा एवढं ऐकायला थांबली नव्हती.

१६ नोव्हें., रवि.

१७०४ मध्ये बाळ आलंय. बाळंतीण एकटी दिसते, तिची आई येऊन गेली बहुतेक. डिंकाचे लाडू केले आणि माझ्या नावाच्या डब्यातून नेऊन दिले. गोड मुलगी. एका तासात डबा परत. घासून, पुसून, कोरडा. आत चिठ्ठी, थँक्यू सो मच आंटी, आणि एक हसरा चेहरा काढलेला.

डबा हातात घेऊन उभी राहिले. तिने काही वाईट केलं नाही. उलट किती तत्पर. पण डबा इतका हलका लागला की मला तो पुन्हा तिच्या दारात न्यावासा वाटेना. झालं, संपलं, आपलं काही तुमच्याकडे नाही, तुमचं आमच्याकडे नाही.

आणि मग वि. आठवली.

हिने निदान डबा परत तरी केला. मी काय केलं? वि. माझा डबा दीड वर्ष सांभाळून, भरून घेऊन आली. तो मी ठेवून घेतला. आणि तिच्या हातात असं काही दिलं की जे घेऊन परत यायचं कारणच उरलं नाही. वर तोंडाने सांगितलं, फेंक देना. तिने विचारलं होतं. सरळ विचारलं होतं, वापस नहीं करना? मी कौतुकाने नाही म्हटलं. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत फायलींवरच्या दुसऱ्यांच्या नोटिंगमधल्या चुका काढल्या, आणि स्वतःची ही एवढी…

ह्यांना सांगितलं. म्हणाले, तू फार विचार करतेस, डब्याचं काय एवढं. ह्यांच्या डब्यात रोज दुपारी वि.च्या हातची काकडीची कोशिंबीर असायची ते विसरले.

२१ नोव्हें., शुक्र.

फोन केला. तिसऱ्यांदा उचलला.

“हाँ दीदी जी, सब ठीक. आप बताइए.”

जी. एकोणीस वर्षांत ‘दीदी जी’ म्हणाली नव्हती. गुडघ्यांची चौकशी केली, हवेची केली. आमच्याकडे बरं आहे, तिच्याकडे बरं आहे. तिला डब्याबद्दल सांगायचं होतं, पण फोनवर ते कसं सांगणार? बघ विमला, मी तुला प्लॅस्टिकच्या डब्यात दिलं त्याचा अर्थ तसा नव्हता? ऐकणारा हसेल. दोन मिनिटं अकरा सेकंद. आधी आम्ही पाऊण तासाच्या खाली कधी फोन ठेवला नाही, तोही दारं समोरासमोर असताना.

मला ती हवी आहे. एवढं साधं आहे. ह्या वयात नवीन माणूस नको, तीच हवी.

३ डिसें., बुध.

सोसायटीच्या ग्रीन कमिटीची मीटिंग, क्लबहाउसमध्ये. प्राची घेऊन गेली. सीनियर सिटिझन्सनी टिप्स द्यायच्या, पूर्वी कचरा कसा कमी व्हायचा वगैरे. एका आजोबांनी कागदी पिशव्यांवर वीस मिनिटं घेतली. मग माईक माझ्याकडे.

म्हटलं, आम्ही काही वाचवत वगैरे नव्हतो. एक मिक्सर दोन घरांत होता कारण तिचा बिघडला होता आणि माझा चालू होता. इडलीपात्र तिचं, पुरणयंत्र माझं. एका घरी कोथिंबिरीची जुडी आली की अर्धी समोर. पृथ्वीचा विचार मनात कधी आला नाही. समोर दार होतं आणि ते वाजवायची लाज वाटत नव्हती. आता मला शेजारी आलं मागायची लाज वाटते, म्हणून मी पाव किलो मागवते आणि त्यातलं निम्मं सुकतं.

टाळ्या वाजवल्या. एक मुलगी म्हणाली, आंटी, हाउ स्वीट. मग ठरलं की लिफ्टजवळ स्टीलच्या डब्यांचं एक शेल्फ ठेवायचं, ज्याला लागेल त्याने न्यावा. कल्पना चांगली आहे. कुणाचाच नसलेला डबा कुणी कशाला परत करील, हे मनात आलं पण बोलले नाही.

घरी येताना प्राचीने विचारलं, “आई, त्या विमला आंटींशी काही झालंय का?”

म्हटलं, झालंय. सगळं सांगितलं. हसली नाही. ह्यांच्यापेक्षा बरी.

१२ डिसें., शुक्र.

प्राची म्हणते, त्यांना काहीतरी भरून पाठवा, ॲपवरून पार्सल जातं, दीड तासात द्वारका. ह्यांचंही तेच. पाठवणं सोपं आहे हो. पण मी काही भरून पाठवलं तर ती उलट काही पाठवील, पार्सलनेच, आणि मग आम्ही दोघी जन्मभर एकमेकींना पार्सलं पाठवत बसू.

देऊन होणार नाही हे. मागायला गेलं पाहिजे.

रिकामा डबा घेऊन कुणाकडे जाऊ नये असं आईने शिकवलं. आई, एवढ्या वेळी माफ कर.

१८ डिसें., गुरु.

जाऊन आले. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की असं झालं नव्हतं.

धुकं होतं, मेट्रोत बसायला जागा मिळाली. पिशवीत ‘सौ. मंगला’ डबा, रिकामा. राजीव चौक येईपर्यंत तीनदा वाटलं उतरावं आणि परत फिरावं. निदान केळी घ्यावीत. घेतली नाहीत.

दार वि.नेच उघडलं. स्वेटरवर पीठ. मी न सांगता आलेली. डबा पुढे केला. म्हटलं, “विरजण.”

मराठीतच म्हटलं. तिला कळतं.

डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी हसली होती तशी. हसली नाही. आत ये म्हणाली. रावतजींनी बसल्या जागेवरून नमस्कार केला. त्यांच्याजवळ स्टुलावर औषधांच्या पट्ट्या, एका प्लॅस्टिकच्या डब्यात. खाली काळा, वर पारदर्शक झाकण. माझाच.

मी बघतेय हे वि.ने बघितलं. म्हणाली, “आपने फेंकने को बोला था. मुझसे फेंका नहीं गया.”

मग ओट्याकडे तोंड करून, पीठ मळता मळता, “उस दिन लगा, अब आपको हमसे कुछ वापस नहीं चाहिए.”

मी सांगितलं जसं जमलं तसं. ओझं, मेट्रो, तुला त्रास नको. हिंदीत सांगताना सगळं आणखीच खुळचट वाटत होतं. ती नुसती मळत राहिली. कणीक केव्हाच झाली होती. शेवटी म्हटलं, चुकले विमला, खरंच चुकले. मला रडू फुटलं तेव्हा रावतजींनी टीव्ही मोठा केला. भला माणूस.

हात धुऊन वि. म्हणाली, “दीदी, जामन तो है ही नहीं.”

तिच्याकडेही पाकिटातलंच दही! दोन माणसं, कोण लावणार रोज. तिचं विरजण गेल्या थंडीत बिघडलं, आणि तिने सोडून दिलं. का, तर दीदीकडे आहे, कधीतरी आणू. आणि मी इथे मे महिन्यापासून धरून बसलेली की वि.कडे आहे. दोघी एकमेकींच्या भरवशावर, आणि मधल्या मध्ये ते गेलं. आता जगात कुठेच नाही ते.

मी खुर्चीवर बसलेच. वि.ने माझा डबा तिथेच ठेवून शेल्फवरची एक वाटी घेतली, चपला घातल्या आणि म्हणाली, आलेच.

खाली दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथे दारावर ‘अय्यर’ पाटी आहे, एवढंच तिला माहीत. दीड वर्षात जिन्यात मान हलवण्यापलीकडे बोलणं नाही. तमिळ घर आहे, दही असणारच, हा हिशेब तिने जिना उतरताना केला म्हणे. वीस मिनिटं आली नाही. मी रावतजींना विचारलं, पाय घसरला की काय? ते म्हणाले, “बातें कर रही होगी.”

बोलतच होती. आली ती अय्यरबाईंच्या वाटीत दही घेऊन, तिची स्वतःची वाटी तशीच रिकामी हातात. अय्यरबाई ऐकेनात, आमच्याच वाटीतून न्या म्हणाल्या. आता ती वाटी परत द्यायची म्हणजे काहीतरी घालूनच. वि.च्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी लक्ष्मीबाई नगरनंतर पाहिलं नव्हतं. “अरसे बना दूँ क्या दीदी? उनको अच्छे लगेंगे?”

दही दोन ठिकाणी केलं. अर्धं तिला. अर्धं मला, तिच्या झाकणाच्या वाटीत, खाली ‘वि. रा.’ कोरलेलं. माझा डबा एवढ्याशा दह्याला फार मोठा. रुमालात बांधून दिलं. जेवायला थांबवलं. ‘जी’ मात्र अजून अधूनमधून येत होतं. एका दिवसात जाणार नाही.

निघताना माझा डबा मी तिच्या पिठाच्या डब्यामागे सारून ठेवला. मुद्दाम. विसरल्यासारखा.

१९ डिसें., शुक्र.

दूध कोमट करून विरजण लावलं, शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. सकाळी अदमुरं. ना दूध ना दही. थंडी आहे, पहिल्यांदा असं होतं. त्यातलंच चमचाभर घेऊन पुन्हा लावलं. ईरा दर तासाला शाल उघडून बघते, म्हणून पण लागत नसेल.

वि.चा मेसेज, “जमा?” मी लिहिलं, “आधा.” तिने लिहिलं, “मेरा भी.”

डब्याबद्दल काही नाही. दिसला नसेल अजून.

२८ डिसें., रवि.

दही आता रोज लागतंय. आंबट आहे, वि.च्या जुन्या दह्यासारखं नाही. पण घट्ट. प्राचीने पाकिटं बंद केली, आपणहून. खायला तेवढी नाकं मुरडते.

१७०४ कडे आलं मागायला गेले. घरात होतं. ती मुलगी इतकी गोंधळली की अख्खं पाकीट माझ्या हातात दिलं. म्हटलं, बाई, बोटभर दे.

दुपारी गेटवरून इंटरकॉम, पार्सल आहे. दहा दिवस हीच धास्ती आहे की वि.ला वाटेल, दीदी डबा विसरल्या, आणि ती सरळमार्गी बाई तो पार्सलने पाठवून देईल. पार्सल प्राचीचं निघालं, उशांचे अभ्रे. तरी जेवण गेलं नाही.

वि.ची वाटी ओट्यावर पालथी. रोज पुसते. धुऊन ठेवलेली वाटी रोज कशाला पुसायची, असं ह्यांनी विचारलं. हे बघत असतात म्हणजे.

४ जाने., रवि.

तिळाचे लाडू केले. वाटीत सात बसले, एक वर दाबून.

घेऊन जावं की थांबावं, सकाळपासून हेच. मी गेले तर माझा डबा ती तिथेच हातात देईल, आणि दोघी मोकळ्या. न गेले तर वाटी इथे, डबा तिथे. काहीतरी बाकी राहील. पण ती आली नाही तर? द्वारका काही समोरचं दार नाही. तिचेही गुडघे कुरकुरतात, ती सांगत नाही.

चारला फोन आला. रावतजी बरे. अय्यरबाईंनी अरशांची वाटी परत केली, त्यात लिंबाचं लोणचं. मग म्हणाली,

“दीदी, आपका डिब्बा यहीं रह गया.”

म्हटलं, “हाँ, पता है.”

“अच्छा.”

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं आता म्हणेल, किसी के हाथ भिजवा दूँ?

म्हणाली, “वो सेक्टर बावन से ई-रिक्शा शाम को कितने बजे तक मिलती है?”

सांगितलं, आठपर्यंत तरी मिळते. बरं म्हणाली. कोणत्या दिवशी ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वाटीवर झाकण लावून ठेवलंय. सातातला एक लाडू ईराने काढून नेलेला दिसतोय.